परदेशच्या पैशांची वाट

नोकरीत होतो तोवर मी पुलांचे नकाशे काढायचो. पूल मोठे, म्हणून मीही मोठा, असा माझा बरीच वर्षं समज होता. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून बाहुलीघरातलं फर्निचर करायला लागलो. आगपेटीएवढं कपाट, अंगठ्याच्या नखाएवढं स्टूल, खरोखर उघडणारे ड्रॉवर. मेहुणा माझी ओळख करून देताना म्हणायचा, "आमचे भावोजी. पुलावरून थेट स्टुलावर आले."

बायकोचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत, कोऱ्या हँगरांच्या ढिगाशेजारी, तिने मला एक टेबल दिलं. भिंग, चिमटा, बारीक पात्याची करवत आणि सरसाची बाटली, एवढाच माझा कारखाना. मुलीने फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

मग सातासमुद्रापलीकडून एका बाईंचा मेल आला. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आता थकल्या होत्या. ज्या घरात त्या वाढल्या ते कधीच पाडलं गेलं होतं. त्यांनी आठवणीतून तेच घर लहान आकारात उभं केलं होतं, भिंती, जिना, खिडक्यांची दारं, सगळं स्वतःच्या हाताने. पण आता हात कापायला लागले होते आणि स्वयंपाकघर रिकामं राहिलं होतं. टेबल, दोन बाकं आणि आईचं भांड्यांचं कपाट हवं होतं. कपाटाचा खालचा ड्रॉवर नेहमी अडकायचा, तोही तसाच अडकायला हवा, असं त्यांनी लिहिलं होतं. लवकरच त्या वृद्धांच्या निवासात एका खोलीत राहायला जाणार होत्या. त्याआधी घर लागलेलं बघायचं होतं. पैसे आधीच देणार होत्या. फक्त कसे पाठवायचे ते मी सांगायचं होतं.

एवढ्या साध्या प्रश्नाचं साधं उत्तर देईन तर तो मी कसला. मी पुलाच्या नकाशाचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि पैसे येण्याचे सगळे मार्ग काढले. एक बँकेतून बँकेत. एक मोबाइलवरच्या वॉलेटमधून. एक लिंक पाठवून, तिच्यावर त्यांनी कार्डाने भरायचे. एक चेकचा, टपालाने. मुलीने फोनवर आणखी एक सांगितला. एक सेवा असते, ती आपल्याला समोरच्याच्या देशातला एक खाते क्रमांक मिळवून देते. ते लोक त्यांच्याच गावात भरल्यासारखे भरतात, पैसे आपल्या चलनात बदलून आपल्या खात्यात येतात आणि किती कापणार ते आधीच कळतं. हा मार्ग मी कागदाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढला. फार सोपा वाटला, म्हणून त्यावर माझा विश्वास बसेना.

बायको इस्त्री केलेले शर्ट ठेवायला आत आली. कागद बघून तिने नवा पूल कुठे होतोय म्हणून विचारलं. मी तिला बाण, फाटे आणि कुठे किती कापलं जातं हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शर्ट मोजून ती बाहेर गेली.

निर्णय शेवटी मेहुण्याने दिला. तो पाण्याचे पंप विकतो आणि त्याच्या मते एकदा त्याला परदेशातून पैसे आले होते. थेट बँकेत घ्यायचे, बाकी सगळे पोरखेळ, असं त्याचं म्हणणं. वर त्याने सल्ला दिला की बिलावर फर्मचं नाव असल्याशिवाय तिकडचे लोक विचारत नाहीत. मला जन्मभर कुणी फर्मचं नाव विचारलं नव्हतं. मी जेवण बाजूला ठेवून नाव शोधलं. 'सूक्ष्मशिल्प इंटरनॅशनल'. खाली सही केली आणि सहीखाली 'संचालक' लिहिलं. इंटरनॅशनलमध्ये मी एकटाच होतो आणि माझ्या डोक्यावर धुवायला आलेल्या चादरी वाळत होत्या, ही गोष्ट बिलावर कुठे दिसत नव्हती.

ते बिल आणि माझा खाते क्रमांक मी मेलने पाठवला. बाई बसने त्यांच्या बँकेत गेल्या आणि बिलावरच्या नावाने पैसे भरून आल्या. मी फोनकडे बघत बसलो. आपण अजून कामाला हात लावायचा नाही, पैसे आल्याशिवाय लाकूड कापायचं नाही, असा मेहुण्याचा नियम मी तोंडाने पाळला. हाताने मात्र त्याच दिवशी टेबलाचे पाय कापायला घेतले, कारण नुसतं बसणं मला जमत नाही.

पैसे आले नाहीत. नुसते आले नाहीत असंही नाही, ते इथवर येऊन परत गेले, आणि जाता-येता वाटेतल्या बँकांनी त्यातून आपापला घास घेतला. मी ताडताड आमच्या शाखेत गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे संगणकात बघितलं.

"या नावाचं खातं आमच्याकडे नाही. तुमच्या स्वतःच्या नावाचं आहे."

"ती फर्म माझीच आहे."

"कुठे नोंदवली आहे?"

"बिलावर," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मागच्या रांगेतल्या माणसाने मात्र खोकल्यासारखा आवाज केला.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर बरं होतं. पण नाव सोडवेना. मी वॉलेटकडे वळलो. त्यात आधी तोंड दाखवावं लागतं. दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना मी फोनपुढे मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव, डोळे मिटव, असं करत होतो. एका आजोबांनी बायकोला हळूच विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना. फोटो असा आला की मीच मला घरात घेतलं नसतं. खातं मी फर्मच्या नावाने मागितलं, ओळखपत्र माझ्या नावाचं लावलं, आणि 'पडताळणी सुरू आहे' ही ओळ पडद्यावर येऊन मुक्काम ठोकून बसली.

याच सुमारास डॉक्टरबाईंचा पुन्हा मेल आला. त्रास होत असेल तर राहू द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. महिनाअखेरीला सामान हलणार, घर तसंच रिकामं नेईन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. टेबलावर तयार झालेली दोन बाकं होती. त्यांच्याकडे बघवेना.

बायकोने फोन उचलून मेल वाचला. मग इस्त्रीचं बटण बंद करून माझ्यासमोर बसली.

"त्या बाई विजेचं बिल कसं भरतात?"

"मला काय माहीत?"

"विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. पैसे कसे घ्यायचे याचा एवढा मोठा नकाशा काढला, पण देणाऱ्या बाईंना काय सोयीचं आहे हे त्यात कुठेच नव्हतं. तिने अर्धं आयुष्य काउंटरमागे काढलं होतं. कुणाकडे सुटे असतात, कुणाला उधारी लागते, कोण पहिल्या तारखेनंतरच येतो, हे तिला विचारून विचारून कळलेलं होतं. तिने मुलीला फोनवर घेऊन मेल लिहिला. उत्तर लगेच आलं. बाई जवळच्या शाखेत जातात, तिथली मुलगी त्यांच्यासाठी त्याच देशातल्या खात्यात पैसे भरून देते. परदेशात पाठवायचे म्हणजे दूरच्या मोठ्या शाखेत जावं लागतं, म्हणून ती बस. कार्डाचा नंबर इंटरनेटवर देत नाहीत, एकदा फसल्या होत्या. लिंक आली की त्या उघडतच नाहीत.

वॉलेट अडकलेलं, चेक टपालाने वेळेत पोचणार नव्हता. म्हणजे माझ्या नकाशातले सगळे ठळक रस्ते बंद होते. उरला तो कोपऱ्यातला, पेन्सिलीचा.

"बाबा, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मुलगी फोनवर म्हणाली.

मी पुन्हा बँकेतल्या बाईंकडे गेलो. त्यांनी त्या सेवेला परवाना आहे का ते बघून घ्यायला सांगितलं, आलेल्या पैशांची पावती कर भरताना लागेल म्हणून जपायला सांगितलं, आणि निघताना मागून हाक मारून म्हणाल्या, "नाव तुमचंच लिहा."

लिहिलं. संचालक संपले. डॉक्टरबाई पायी चालत शाखेत गेल्या, आणि पैसे आमच्या खात्यात आले, जेवढे सांगितले होते तेवढेच. आधीच्या फेरीत त्यांचं जे वाटेत कापलं गेलं होतं, ते मी माझ्या बिलातून आधीच वजा केलं होतं. मेहुणा म्हणाला की त्याचा सल्ला बरोबरच होता, बँकच खराब.

आता राहिला होता तो अडकणारा ड्रॉवर. आयुष्यभर गोष्टी सुरळीत सरकाव्यात म्हणून धडपडणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट नीट अडकवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. एकतर तो घसरून बाहेर पडे, नाहीतर हलतच नसे. बायकोने कॉलरीला लावायच्या स्टार्चचा एक थेंब खाचेत सोडायला सांगितला. तो वाळल्यावर ड्रॉवर अर्ध्यात येऊन थांबला.

पार्सल वेळेत पोचलं. बाईंनी नव्या खोलीतून व्हिडिओ कॉल केला. छोटं घर खिडकीच्या कट्ट्यावर होतं. त्यांनी कापत्या हाताने, नखाने, ड्रॉवर ओढला. तो अडकला. त्या भरभर काहीतरी म्हणाल्या. कॉलवर असलेल्या आमच्या मुलीने ते आम्हाला मराठीत सांगितलं: "आई इथे कमरेने धक्का द्यायची." बायकोने पदराने डोळे टिपले आणि मी उगाच चष्मा पुसला.

लाकूड आणि पार्सलचा खर्च जाऊन जे उरलं, त्यातून आम्ही दोघांनी चष्मे बदलले. नव्या चष्म्यातून मला आधी केलेल्या खुर्च्यांचे वाकडे पाय नीट दिसले. मी मुलीला फोन करून त्यांचे फोटो इंटरनेटवरून हटवायला सांगितलं.