साहेबापुढचं इंग्रजी

माझी पत्रकं तुमच्या हाती कधी पडली असतील. मलकापुरात, धाडच्या बाजारात, कुठेतरी. हे त्यांत कुठेच नाही. सभेत बोललो नाही, मित्रांत नाही, घरी आईजवळही नाही. आज लिहितो आहे ते थकलो म्हणून. खोटं सांभाळायला रोज थोडी ताकद लागते — आणि ती आता उरलेली नाही.

मी पत्रकांवर वाढलो. इतर पोरं गोष्टी पाठ करायची तेव्हा मी ‘गुलामी’ आणि ‘जुलूम’ हे शब्द पाठ करत होतो. इंग्रजी मात्र जीव लावून शिकलो — साहेबाला त्याच्याच भाषेत सुनावायचं म्हणून. मलकापूरच्या शाळेत आमचे मास्तर रोज एकच क्रियापद द्यायचे. अर्थ सांगायचे, मग प्रत्येकानं त्याचं स्वतःचं वाक्य करायचं; पुस्तकातलं चालायचं नाही. एके दिवशी त्यांनी ‘रिग्रेट’ दिलं. म्हणाले, कुणाला धक्का लागला तर ‘सॉरी’ म्हणा, हे त्यासाठी नाही. आपण केलं ते करायला नको होतं, असं करणाऱ्यानंच म्हणायचं, तेव्हा हे वापरायचं. मी उठून ऐटीत म्हणालो, आय रिग्रेट नथिंग. मास्तर हसले. “आधी काही करून तं दाखव,” म्हणाले, “मंग म्हण.”

मग मी केलं. रोहिणखेडच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाच्या वर सरकारनं राखून ठेवलेलं जंगल. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि गवत वर उभं वाळत होतं. मी पत्रक लिहिलं, पारावर वाचलं, आणि विळे घेऊन आम्ही काही जण वर गेलो. माझ्या शेजारी किसन होता — भावकीतला, माझ्याच वयाचा. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याचे वडील, आमचे तुकाकाका, खाटेला खिळलेले. घरात तिसरं माणूस नाही. तरी तो आला. का आला? मी बोलावलं म्हणून.

आम्हाला धरलं. साहेबाचा मुक्काम तेव्हा गावाबाहेरच्या आमराईत होता. तंबूपुढे टेबल टाकून तिथंच खटले चालायचे. साहेबाचं मराठी मोडकंतोडकं, आणि त्याचा दुभाष्या तापानं पडलेला. मी पुढे झालो — सगळ्यांचं मी बोलतो. भोवती सारं गाव जमलेलं.

साहेब दमलेला माणूस होता. त्यानं हळूच इंग्रजीत विचारलं, केलंस त्याचा रिग्रेट वाटतो का? वाटत असेल तर तसं म्हण आणि घरी जा. तुझ्या माणसांनाही सांग, त्यांनाही हीच सवलत. नाहीतर सहा महिने.

तो ओरडला असता तर कदाचित मी — नको. ‘कदाचित’ नको.

साहेबाखेरीज त्या आमराईत त्या शब्दाचा अर्थ फक्त मला ठाऊक होता. मी मान ताठ केली, आणि खणखणीत आवाजात म्हणालो — यस सर, आय रिग्रेट इट.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला ठाऊक आहे ना आपल्याकडचं? कुणी इंग्रजी जोरात बोललं की साहेबाला झापलंच असं वाटतं. माझ्या नावाचा जयजयकार झाला. साहेबानं एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला कळलं असावं. हातानंच त्यानं मला बाजूला केलं.

पुढचा किसन. तो माझ्या कानाशी आला.

“काय म्हनला बे तू त्याले?”

“म्हटलं, जंगल आमचं हाये.”

“मंग सोडलं काऊन तुले?”

“इंग्रजीले भ्याला.”

त्याला ते पटलं. गालात हसला. “मंग मले बी तेच शिकव ना. बाप खाटेवर हाये. मी बी घरी जातो.”

इथं आहे ते. इतका वेळ मी याच्याभोवती फिरतो आहे. तीनच शब्द होते. शिकवायला किती वेळ लागला असता? तो सुटला असता. मागचे सगळे तेच म्हणून सुटले असते — आणि मग कुणीतरी मला त्या शब्दांचा अर्थ विचारला असता. मी म्हणालो, “तू आपल्या बोलीतच सांग. त्याचं इंग्रजी मी करतो.”

किसन टेबलापुढे उभा राहिला. “जंगल आमचं हाये, साहेब. गवत बी आमचंच.” मी त्याचं इंग्रजी केलं. एकही शब्द गाळला नाही. साहेबानं मला विचारलं, सवलत याला नीट समजावून सांगितलीस? मी म्हणालो, यस सर.

किसनला सहा महिन्यांची कैद झाली. मागच्यांनाही.

मी भ्यालो होतो का? हो. पण ती भीती माझ्या एका वाक्यापुरती होती. तिथून पुढचं सगळं मी टाळ्यांसाठी केलं.

तुकाकाका पोरगा सुटायच्या आधीच गेले. शेवटी शेवटी मी रोज त्यांच्या खाटेजवळ बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, “किसन काऊन नाई आला रे?” मी सांगितलं, त्यानं साहेबापुढे मान तुकवली नाही. म्हाताऱ्याचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं. अग्नी मी दिला. गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. आणि मी? किसनच्या निर्भयपणावर पत्रक लिहिलं. माझ्या पत्रकांत सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते तेच.

किसन सुटला तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला. फार वाळला होता. बापाला अग्नी दिलास, म्हणाला. मग अंगणात, चार माणसांदेखत, तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.