दारातली मुलगी

सहा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका मंगळवारी, बेळगावजवळ जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या वस्तीतील अंगणवाडीत साडेचार वर्षांच्या एका मुलीने मदतनीस आक्कांकडे बोट दाखवलं. आठ दिवसांत आक्कांना कामावरून काढलं. त्याची चार ओळींची बातमी मी लिहिली होती.

बोट दाखवायला मुलांना बाईंनी शिकवलं होतं.

बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका. उंच, काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी. पुस्तक उघडण्याआधी त्या हात धुऊन पदराला पुसत. अंगणवाडीत आलेली चित्रांची पुस्तकं कानडी होती आणि मुलं बहुतेक मराठी घरांतली. बाई मजकुरावर आडवा तळहात ठेवत आणि वरचं चित्र तेवढं उघडं ठेवत. "अक्षरं सायबाची, चित्र आपलं," असं त्या म्हणत. मग पुस्तक मुलांपुढे फिरे.

"कुणाचं चुकलं? बोलायचं न्हाय. बोट ठेव."

बोलायचं का नाही, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिलं जे पोरगं बोलतंय, त्येच्यामागनं समदी तेच बोलत्यात. बोट ज्येचं त्येचं असतंय."

त्यांचं आवडतं चित्र एकच होतं. स्वयंपाकघर. आई पाय पसरून झोपलेली, मुलगा लाडवाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला, आणि दारात त्याची थोरली बहीण उभी. मुलांची बोटं मुलावर पडत. एकाने एकदा थेट लाडवावर बोट ठेवलं.

"लाडवाचं काय चुकलं रं?"

"त्यो दिसला कशाला?"

बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आक्का चुलीपासून ओरडल्या, "बाई, ह्येला वकील करा!"

आक्का पन्नाशीच्या होत्या. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. अंडी उकडायच्या दिवशी गैरहजर मुलांची अंडी उरत. ती बाहेर द्यायची नाहीत असा नियम होता. बाई त्यांतली दोन एका डब्यात घालत आणि डबा आक्कांच्या पिशवीत ठेवत. आक्का नको म्हणत. "गप न्या. पोटाला न्हाय का त्येंच्या?" हे पुढे मला बाईंनीच सांगितलं. त्या मंगळवारी मला ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी सुपरवायझर मॅडम आल्या होत्या. चित्रांच्या पुस्तकांतून मुलं बरं-वाईट कशी शिकतात, यावर मला लिहायचं होतं, म्हणून मीही होतो. बाईंनी तेच चित्र काढलं. बोटं पडली. मॅडम खूश झाल्या. त्यांनी हसत विचारलं, "आणि आपल्या इथं असं कोण करतं?"

मुलगी उठली आणि तिने चुलीकडे बोट केलं. "आक्का. पिशवीत अंडी घालून न्हेती."

आधी सगळे हसले. आक्कासुद्धा. मग मॅडमनी पिशवी मागितली.

डबा उघडेपर्यंत बाई दाराशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. हे मी बातमीत लिहिलं नाही. त्याचा बातमीशी संबंध आहे, असं मला वाटलं नव्हतं.

आक्कांना मॅडम पुढच्या खोलीत घेऊन गेल्या. आक्का अर्ध्या तासाने बाहेर आल्या, चुलीवरचं भांडं उतरवलं, मुलांना वाढलं आणि गेल्या. नवरा वारल्यावर त्या सांबऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या.

नवी मदतनीस आली. बाई तिला अधूनमधून "आक्का" म्हणून हाक मारत आणि मध्येच थांबत. अंडी उकळायला लागली की त्या बाहेर ओट्यावर जात. दारात कुणाची सावली पडली तरी शिकवताना त्यांचं वाक्य तुटे. "आलीस व्हय?" असं त्या एकदा रिकाम्या दाराकडे बघून म्हणाल्या. मुलांनी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी मी पुन्हा एकदा त्यांचा वर्ग पाहिला. पुस्तक तेच होतं, पण कुणाचं चुकलं हे त्या आता विचारत नव्हत्या. त्यांनी दारातल्या मुलीवर स्वतःचं बोट ठेवलं.

"ही काय करतीया?"

मग पुढची एक चिमुरडी म्हणाली, "नुस्ती हुबी हाय."

"का हुबी हाय?"

"तिला बी लाडू पायजे असंल."

मुलं हसली. बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

आक्का गेल्या वर्षी सांबऱ्यात वारल्या. बाई मातीला गेल्या नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने बाई गिरणीत दळण घेऊन उभ्या होत्या. बोट दाखवणारी ती मुलगी आता पाचवीत होती. तीही दळण घेऊन आली होती. वस्तीतली पोरं तिला "पोलीस" म्हणून चिडवत. सुट्टीत तिच्यासमोर कुणी डबा उघडत नसे. तिने बाईंना विचारलं, "बाई, आक्का माझ्यामुळं गेली व्हय?"

बाई तशाच घरी आल्या. पिठाचा डबा गिरणीतच राहिला. संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या.

"तुमची बातमी चुकलीया."

"काय चुकलं?"

"अंडी मी देत हुते. आक्का न्हाय म्हणायची."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"जीभ उचलली न्हाय. उद्या सांगू म्हटलं. मग रोज उद्याच."

मी त्यांना लेखी द्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेखी देतेच. पर आधी त्या पोरीला सगळ्यांदेखत सांगायला पायजे."

शनिवारी अंगणवाडीत आयांची बैठक झाली. वीसेक बायका होत्या. मुलगी आईच्या मागे बसली होती. बाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, "तू बघितलंस तेच बोललीस. तुझं काय बी चुकलं न्हाय. माझं चुकलं."

"आता सांगून काय उपयोग, बाई?" एक जण म्हणाली. "आक्का हाय का ऐकायला?"

दुसरी म्हणाली, "आम्ही तिला दळणाला बी बोलवत न्हवतो, बाई. ती हितं हुती तवर."

बाई उभ्याच होत्या. बायका एक एक करून उठल्या. मुलगी सर्वांत शेवटी गेली. जाताना तिने बाईंना विचारलं, "मग मी आता सगळ्यांस्नी सांगू?" बाई म्हणाल्या, "सांग."

सोमवारी बाईंनी बेळगावच्या कार्यालयात अर्ज दिला. आक्का निर्दोष होत्या, त्यांच्या नावावरचा चोरीचा शेरा काढावा, अशी मागणी होती. सोबत स्वतःचा राजीनामा होता. आमच्या दैनिकात दुरुस्ती छापून आली, तीही चार ओळींची. त्याच आठवड्यात बाई निपाणीला भावाकडे गेल्या. त्यांच्या इथल्या घराला कुलूप आहे.

अर्जाचं काय झालं, हे विचारायला मी दोन महिन्यांनी कार्यालयात गेलो. कारकुनाने फाईल दाखवली. तिच्यात त्या मंगळवारचा आक्कांचा जबाब आहे. मजकूर कानडीत, खाली आक्कांची मराठी सही. 'अंडी मी बाईंना न सांगता नेत होते. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं,' एवढाच जबाब आहे.

त्याखाली अर्जाला दिलेल्या उत्तराची प्रत आहे. संबंधित मदतनीस यांनी स्वतः लेखी कबुली दिलेली असल्याने आणि त्या आता हयात नसल्याने प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, असं उत्तर आहे. त्याला जबाबाची नक्कल जोडून ते निपाणीच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवण्यात आलं. पोच परत आली आहे. तिच्यावर बाईंची सही आहे.