सोजरचा विषय

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा सोजर बुऱ्हाणपूरला इतवारा मोहल्ल्यात आत्याकडे राहत होती. वडील उखर्डू यांची तापीकाठी केळीची बाग होती. गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून त्यांनी पोरीला बहिणीकडे, मथुराबाईकडे ठेवलं होतं. सोजर पहिल्या वर्गात पास झाली. घराण्यात मॅट्रिक होणारी ती पहिलीच, त्यामुळे पुढं काय, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

ती शाळेतल्या मालतीबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "आर्ट्सला जा. बी.ए. हो, बी.टी. कर आणि माझ्यासारखी शिकवायला लाग."

"पण बाई, आणखी काय काय शिकता येतं?"

बाई खरं तेच बोलल्या. "मी एकच कॉलेज पाहिलं, नागपूरचं. आणि तिथं मराठी घेतलं, कारण माझ्या बहिणीनं घेतलं होतं."

ते १९५७ साल होतं. सात-आठ महिन्यांपूर्वी राज्यांची नवी जोडणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं होतं. आजवर इथली शिकणारी पोरं डोळे मिटून नागपूरची वाट धरायची. आता जबलपूर, सागर, इंदूर अशी नावं लोकांच्या बोलण्यात येत होती, पण तिथं कुठं काय शिकवतात ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बाईंनी सोजरला पत्ते काढून दिले. तिनं सहा कॉलेजांना कार्डं टाकली आणि माहितीपुस्तकं मागवली.

चार ठिकाणांहून आली. काही हिंदीत होती, काही इंग्रजीत. सोजर माजघरात पालथी पडून शब्दकोश घेऊन ती वाचत राहिली. तर्कशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, रसायन. मथुराबाई म्हणाली, "पोरी, लग्नाची यादीसुद्धा इतकी कुणी वाचत नाही."

त्या आठवड्यात उखर्डू बाजाराला आले. लेकीनं त्यांना सगळे विषय वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "माले एकच सांग. हे शिकलेला माणूस दिवसभर करतो काय?"

दोन दिवस तो प्रश्न सोजरच्या डोक्यातून गेला नाही. मग तिनं वही घेतली आणि लोकांना विचारत सुटली. सिंधीपुऱ्यातल्या वकिलांनी सांगितलं की दिवसातला निम्मा वेळ कोर्टाच्या बाकावर वाट बघण्यात जातो. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला औषधांच्या बाटल्या हुंगायला दिल्या. मालतीबाईंनी तपासायच्या वह्यांचा ढीग दाखवला आणि हसून म्हणाल्या, "हे!"

शेवटी आत्यानंच आठवण करून दिली, की सोजरच्या आईचा चुलतभाऊ वसंत नेपानगरच्या कागद कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. वसंतमामाला निरोप गेला. त्यानं साहेबांची परवानगी काढली आणि उखर्डू लेकीला घेऊन गेले.

प्रयोगशाळेत काचेची नळकांडी, तराजू आणि उग्र वास होता. सोजरनं वही उघडून मामाला विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता?"

वसंतमामा हसला. "सगळे पगार विचारतात. हे विचारणारी तू पहिलीच." त्यानं बांबूच्या लगद्याचा ओला गोळा तिच्यापुढं ठेवला. "याच्यात पाणी किती, शोधून काढ. आधी या वाटीत घेऊन तोल, मग वाटीसकट भट्टीत वाळव, परत तोल."

सोजरनं केलं. मामानं सकाळी त्याच लगद्याचा काढलेल्या आकड्याशी तिचा आकडा जुळला नाही. तिनं दुसरा गोळा घेतला. तोही जुळला नाही. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं, की आपण गरम वाटीच तराजूत ठेवतोय. वाटी थंड होऊ दिली तेव्हा आकडा बरोबर आला. मामानं तिची पाठ थोपटली, तेव्हा तिला कळलं की दुपार टळून गेली आहे.

उखर्डू दाराशी भाकरीचं फडकं घेऊन उभे होते. परतताना ते एवढंच म्हणाले, "सकाळपासून तुले भूक लागली नाही."

"नाही, आबा."

"मग तेच घे."

रसायन ठरलं, पण अडचण निराळीच निघाली. जिथं मुलींचं वसतिगृह होतं तिथं विज्ञान नव्हतं. जबलपूरच्या एका कॉलेजात रसायन होतं, पण राहायची सोय मुलांपुरतीच. सोजरनं प्राचार्यांना सरळ पत्र लिहिलं: मी यायला तयार आहे, मी राहू कुठं? बारा दिवसांनी उत्तर आलं. एका प्राध्यापकांच्या घरी दोन मुली राहतात, तिसरीला जागा आहे.

मथुराबाईचे डोळे भरले. "नागपुरात आपली माणसं आहेत. जबलपुरात कोण आहे गं?"

"नागपूरले भुसावळला गाडी बदलावी लागते," उखर्डू म्हणाले. "जबलपूरची आपल्या टेसनावरूनच जाते. पोरगी बसली की थेट उतरेल." आत्यानं डोळे पुसले आणि दशम्या करायला घेतल्या.

पहिली सहामाही वाईट गेली. व्याख्यानं इंग्रजीत, वर्गात साठ मुलं आणि तीन मुली. सोजर दोन पेपरांत नापास झाली. परत जावं असंही तिच्या मनात आलं. पण आठवड्यातले तीन दिवस प्रात्यक्षिक असायचं आणि त्या दिवशी तिला इंग्रजी आड येत नसे. परीक्षानळीत निळा रंग उतरला की तो सगळ्यांना सारखाच दिसतो. हळूहळू तिनं व्याख्यानांचे शब्द प्रयोगांवरूनच लावून घेतले. वार्षिक परीक्षेत ती सगळ्या विषयांत पास झाली आणि रसायनात वर्गात चौथी आली.

सुट्टीत आत्याकडे आली तर ओसरीवर दोन अनोळखी मुली आयांसकट बसलेल्या. एक सिंधीपुऱ्यातली सुमन, दुसरी आबांच्या शेजारच्या गावची कौतिक. सोजरनं पायसुद्धा धुतले नव्हते, तोच कौतिक चाचरत म्हणाली, "ताई, मला झाडांचं शिकायचंय. ते कुठं मिळतं?"

"बस," सोजर म्हणाली आणि तिच्याजवळ ओसरीवर टेकली. "आधी सांग, झाडांचं तुला काय करावंसं वाटतं?"