मान्यतेचं पान

घरात तिला पहिल्याच वर्षी सगळे ‘डॉक्टर’ म्हणायला लागले. आता आठवं वर्ष चालू होतं, पदवीचा पत्ता नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्या काकू अजूनही गुडघा दाखवायला यायच्या. “काकू, मी गांडुळांची डॉक्टर,” ती सांगायची, “आणि तीही अजून झाले नाहीये.”

मुदतवाढी सगळ्या संपल्या होत्या. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात. प्रत्येक प्रकरणावर मार्गदर्शक सरांच्या सहीचं, मान्यतेचं एक सुटं पान टाचावं लागे. अडलं होतं ते तिसऱ्या प्रकरणाचं. सरांनी ते अकरा वेळा परत केलं होतं आणि दर वेळी लाल शाईत एकच शेरा मारला होता: ‘खोली कमी.’ किती खोल जायचं, हे काही सांगितलं नव्हतं. विचारायला जावं तर सर मीटिंगला निघालेले.

बरं, हिने करायचं काय बाकी ठेवलं होतं? पहिल्या मसुद्यात तिने गांडुळांच्या दोन जातींची पिल्लं एकच समजून मोजली होती. ती चूक तिची तिलाच सापडली. मग चार वर्षं पुन्हा माती खणली, भिंगाखाली एकेक पिल्लू नव्याने मोजलं. तिच्या मागून आलेले दोघे कायमच्या नोकरीला लागले, आणि ही अजून दोन कॉलेजांत तासांवर शिकवत होती.

गुरुवारी सकाळी तिने बाराव्यांदा प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी उभ्याउभ्याच पानं उलटली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बघ! आता कशी खोली आली! इतकी वर्षं हेच तर कानीकपाळी ओरडत होतो.”

सही झाली. तिने जिन्यात थांबून हौसेने गठ्ठा उघडला, आणि पहिल्याच तक्त्यात ते जुने, चुकीचे आकडे. घाईघाईत कपाटातून तिने पहिल्या मसुद्याची जादा प्रत उचलली होती. सरांनी अगदी सुरुवातीला परत केलेला, तोच मसुदा.

ती तशीच मागे फिरली. “सर, माझी एक चूक झाली...”

“आता चुका काढत बसू नकोस. सुंदर झालंय. आणि मला मीटिंग आहे.”

दार बंद झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, डोळ्यांत रागाने पाणी आलं. चूक असलेलंही त्यांनी वाचलं नव्हतं आणि दुरुस्त केलेलंही. चार वर्षं ती स्वतःलाच अडाणी समजत आली होती. तिने टाचणी काढली आणि मान्यतेचं पान खऱ्या प्रकरणावर लावलं.

संध्याकाळी आईने विचारलं, “सरांनी नीट वाचलं ना गं सगळं?”

फक्त ऋणनिर्देश छापायचा राहिला होता. विभागातला प्रत्येक विद्यार्थी लिहितो ते वाक्य त्यातही होतं: ‘सरांनी या प्रबंधाचा शब्दन् शब्द बारकाईने वाचला.’ अख्ख्या प्रबंधात आता तेवढंच एक खोटं उरलं होतं. ते खोडायला तिचं बोट पुढे गेलं, आणि थांबलं.

“एवढं एक पान ते नक्की वाचतील, आई,” ती म्हणाली, आणि तिने वाक्य तसंच राहू दिलं.