कॉलिन हॉकिंगची जागा

एव्हिस हॉकिंग यारापिन्नाला बसमधून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत तिचा नवरा होता. तपकिरी प्लास्टिकच्या डब्यातली राख, वर लोकरी शाल गुंडाळलेली. लिंडसेला खिडकीची जागा आवडायची, म्हणून सगळ्या वाटेनं पिशवी खिडकीकडे ठेवली होती, आणि ठेवली म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. या माणसाच्या आवडीनिवडी सांभाळणं मरणानंतर तरी थांबावं की नाही?

काम साधं होतं. त्यांचा पहिला मुलगा कॉलिन याच गावी, टेकडीवरच्या दफनभूमीत, मिरीच्या झाडाखाली होता. जेमतेम बसायला लागला होता तेव्हा गेला. बापाची राख त्याच्याजवळ ठेवायची, नाव कोरलेला एक दगड बसवायचा, आणि पुढेमागे आपणही तिथेच यायचं. लिंडसे यारापिन्नाच्या बँकेचा मॅनेजर होता त्याला जमाना लोटला होता. तरी गहू तोच, धूळ तीच, आणि धान्याच्या कोठारावर बसलेले गुलाबी काकाकुवेही तेच.

नगरपालिकेतला तरुण कारकून फार अदबीचा होता. त्यानं खुर्ची दिली, मग सांगितलं की त्या कबरीची मुदत केव्हाच संपली. आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात कबर विकत मिळत नाही, मुदतीवर मिळते. मुदत वाढवली नाही की जागा दुसऱ्याला जाते. ही जागा गावातल्याच हॉरी कीलिंग या शेतकऱ्याला गेली होती.

"आणि माझा मुलगा?"

कारकुनानं खाली बघत सांगितलं की बाळ तिथेच आहे. अस्थी काढून फेकत नाहीत, आणखी खोल ठेवतात आणि वर नव्या माणसाला जागा करतात. तशी पद्धतच आहे. नोटीस पाठवली होती आम्ही. मुख्य रस्ता, बँकेचं घर.

एव्हिस हसली. नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जावं असं हसली. कारकून दचकून उठला आणि पाणी आणायला पळाला.

बँकेचं घर! दुसरा पत्ता होता कुठे त्यांना? तिच्या बोटात लिंडसेची अंगठी आली तेव्हा तो कारकून होता, आणि ठरावीक पगार होईपर्यंत बँक कारकुनांना लग्न करू देत नसे. ती वर्षानुवर्षं अंगठी घालून बसून राहिली. बहिणींची मुलं शाळेत जायला लागली. वडील विचारत, तुझी सोयरीक त्या मुलाशी झाली की बँकेशी? परवानगी आली, लग्न झालं, आणि पुढचं सगळं आयुष्य बँकेच्या मागच्या खोल्यांत गेलं. गावाशी जरा सूर जुळला की बदली. नव्या गावी नवे पडदे, आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये नव्या लोकांनी तिच्या टोपीची केलेली पारख. मॅनेजरच्या बायकोनं नोकरी करायची नाही. गावच्या जलशात गायचं नाही, बँकेला शोभत नाही. कुणाशी फार मैत्री नाही, कारण उद्या त्याच मैत्रिणीच्या नवऱ्याच्या कर्जाला नाही म्हणायची वेळ यायची.

कॉलिनला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकांच्या मंडळाची वार्षिक सभा होती. चहा ओतायचा मान मॅनेजरच्या बायकोचा. दुष्काळाचं साल होतं. लिंडसे म्हणाला, तू गेलीच पाहिजेस, अशा साली बँकेचं घर डगमगलेलं दिसता कामा नये. ती गेली. कोरड्या डोळ्यांनी तिनं सगळ्या गावाला चहा ओतला. दगड घडवून यायच्या आत बदलीचा हुकूम आला. लिंडसे म्हणाला, दगड मागाहून बसवू. जो माणूस अख्ख्या तालुक्याच्या हप्त्यांच्या तारखा झोपेत सांगायचा, तो आपल्या लेकराची मुदत विसरला. विसरला कसला, बँकेवर टाकून मोकळा झाला. बँक सगळं टपाल पुढे धाडते, म्हणायचा. त्याच्यामागून आलेल्या कुणा मॅनेजरनं ती नोटीस केरात टाकली असणार.

आता त्या कबरीत काही ठेवायचं तर हॉरीच्या विधवेची सही लागेल, एवढं कारकुनाकडून ऐकून पाणी न पिताच ती उठली आणि त्या विधवेचं घर विचारत निघाली.

डल्सी कीलिंग धान्याच्या कोठारामागे एका लहान घरात राहत होती. दार उघडताच तिनं एव्हिसला ओळखलं. "अगंबाई, मिसेस हॉकिंग! या, बसा ना," म्हणत ती किटलीकडे वळली.

"बसायला नाही आले. तुझा नवरा माझ्या मुलाच्या अंगावर झोपलाय, डल्सी."

डल्सीनं किटली शेगडीवर ठेवली. जाळ मोठा केला, मग बारीक केला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "कबर खणणाऱ्यानं विचारलं होतं. खाली बँकवाल्यांचं बाळ आहे, त्यांचा पत्ता लागत नाही, दुसरी जागा बघू का? मी म्हटलं, नको, हीच दे. आमचं ओढ्याकाठचं शेत तुमच्या नवऱ्यानं विकायला लावलं, तेव्हा आमच्या पायाखाली काय आहे हे कुणी विचारलं होतं का?"

एव्हिसचं इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं, पण आवाज मात्र खाली उतरला. असा खालचा आवाज वाईट. आरडाओरडा करणारं माणूस दमतं तरी.

"मला कुणी विचारलं होतं? लग्नाची परवानगी बँकेची. गाव बँकेनं नेमून द्यायचं. मूल मातीत घातलं नि दुसऱ्या दिवशी हातात किटली. त्या सभेत तूही होतीस. कपात मी चहा ओतत होते आणि तू शेजारणीला म्हणालीस, बघ कशी उभी आहे, संगमरवरी बाई, या बँकवाल्यांना काळीजच नसतं. मी ऐकलं, डल्सी. ऐकलं आणि तुला साखर किती हवी ते विचारलं."

किटली शिट्टी वाजवू लागली. डल्सीनं ती उतरवली, आणि पाठमोरीच बोलली.

"म्हणाले होते मी तसं. तुला ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं." यारापिन्नात मॅनेजरच्या बायकोला कुणी तू म्हटल्याचं एव्हिसला आठवत नव्हतं.

एव्हिसनं शाल सोडली आणि डबा टेबलावर ठेवला, स्कोन्सच्या, म्हणजे छोट्या गोड पावांच्या, ताटलीशेजारी.

"हा लिंडसे. हा त्याच कबरीत जाणार. तुझी सही लागते म्हणाले."

"हॉरीबरोबर? अगं, मरेपर्यंत हॉरी त्याला शिव्या घालत होता."

"घालू दे. मी बसमध्ये सगळ्या वाटेनं घालत आलेय. आता माझा घसा बसलाय."

डल्सीच्या नाकातून काहीतरी सुटलं, हसू म्हणावं तर हसू. "आणि ठेवायचा कुठे, हॉरीच्या वर की खाली?"

"त्यांचं त्यांना ठरवू दे. दोघांनाही आता दुसरं काम नाही."

डल्सी सही करायला तयार झाली. पण दगडाचा विषय निघाला तशी तीही ताठ झाली. दगड हॉरीचा होता, मुलांनी शहरातून आणवलेला. तळाशी बारीक अक्षरांत बाळाचं नाव घालायला तिची हरकत नव्हती.

"तळाशी नाही. सगळ्यात वर."

"हॉरीच्या डोक्यावर? मुलं काय म्हणतील माझी?"

"आधी कोण आलं त्या जागी?"

"मुदत संपली होती, एव्हिस. रीतसर घेतलीय आम्ही जागा."

"रीत मला सांगू नकोस. रीतीतच जन्म गेला माझा. बँकेनं आम्हाला इतक्या गावांतून फिरवलं की धाकट्या पोरीला कुणी गाव विचारलं तर ती गप्प बसते. आमच्या घरातला एकच माणूस एका गावात टिकून राहिला, तो कॉलिन. तो इथलाच आहे. तुमच्याइतकाच इथला, आणि हॉरीच्या आधीपासून तिथे आहे. त्याचं नाव वर जाईल, नाहीतर लिंडसेला घेऊन मी रोज तुझ्या या ओट्यावर येऊन बसेन. मला आता बदली नाही."

डल्सीनं डबा ताटलीपासून जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली की दगडाच्या माथ्यावर जागा कोरी आहे. तिथे देवदूत कोरायचा होता, पण हॉरीला असले थेर आवडले नसते म्हणून राहून गेला. ती एवढंच म्हणाली, आणि दोन कपांत चहा ओतला. एव्हिसनं आपला कप जवळ ओढला, पण आभार मानले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाथरवट आला. देवदूताच्या कोऱ्या जागी त्यानं कॉलिन हॉकिंग, यारापिन्ना, असं कोरलं. मग हॉरीच्या नावाखाली लिंडसेचं नाव कोरायला घेताना त्यानं विचारलं, साहेब बँकेचे मॅनेजर होते ना, तसं लिहू?

"बँकेचं नाव त्या दगडावर नको," एव्हिस म्हणाली. "कॉलिनचे वडील, एवढंच लिही. आणि अक्षरं कॉलिनपेक्षा लहान."