न भेटलेली बारा घरं

एम.ए.ला अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी मला पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या, मोहफुलं वेचणाऱ्या तीस घरांत जाऊन प्रश्न विचारायचे होते. अठरा घरांनंतर मी कंटाळलो; बाकीची बारा गावाबाहेरच्या टोलीत, म्हणजे वेगळ्या वस्तीत होती. उरलेले बारा फॉर्म बल्लारपूरला आमच्या खोलीत बसून मनानेच भरले. हे लिहिताना अजूनही मान खाली जाते.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी ते बारा फॉर्म वेगळे काढले आणि हसू लागले. "या घरांत कोणी म्हातारं नाई, कोणी आजारी नाई, सगळेच शाळेत जाऊन राह्यले! मस्त गाव हाय बा. आपणच राहाले जाऊ."

प्रबंध आता फेटाळला जाणार, या भीतीने मी सगळं कबूल केलं. सर एवढंच म्हणाले, "जा, परत जा."

गेलो. पहिल्याच अंगणात एका बाईने मला धरलं. "काऊन भाऊ, आमच्या टोलीले काऊन सोडलं? अंगण सारवून दिवसभर वाट पाह्यली आम्ही." मला तोंड लपवावंसं वाटलं. मग तिने माझ्याकडून फॉर्म वाचून घेतला आणि विचारलं, "विकलं तेवढंच लिवता, अन् आम्ही खाल्लं ते मोह कुठी गेलं?"

एम.ए.च्या दोन वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तिथेच फॉर्मवर हाताने नवा रकाना आखला. बाया हसत हसत सांगत गेल्या. त्या रकान्यासाठी आधीच्या अठरा घरांतही पुन्हा जावं लागलं, आणि या वेळी मी अगदी आनंदाने गेलो.