भात्यावरून सुटलेला डावा हात

वसुधाताईंची साठी साजरी होत असताना त्यांच्याविषयी गोड गोड लिहावं, अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण आमची पहिली ओळखच गोड नव्हती. इथे परदेशात आल्यावर पेनरोजच्या एका कारखान्यात प्रेसखाली माझा उजवा हात सापडला आणि तीन बोटं गेली. वॉर्डात डोळे उघडले तेव्हा समोरच्या नर्सबाई मराठीत विचारत होत्या, "दुखतंय का?"

मी म्हणालो, "आता पेटी कशी वाजवू?"

"नाही वाजवता येणार," एवढं बोलून ताई सलाईन तपासून निघून गेल्या.

आमच्या मंडळात भजनाला पेटीची साथ मीच करत असे. घरी आल्यावर बायकोने पेटी मुकाट्याने कपाटावर चढवली. त्या काळी भारतात बोलायला डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड आणावं लागे. ते आणून मी आईशी खोटं बोलत असे, की हात सुधारतोय, पेटी चालू आहे. घरात मात्र कुणाशीच धड बोलत नव्हतो. जगायची इच्छाच उरली नव्हती, हे आज स्पष्ट सांगतो.

अशात एका रविवारी ताई पत्ता काढून घरी आल्या आणि मला गाडीत घालून पापाकुराला आपल्या घरी घेऊन गेल्या. गराजमध्ये जुना पियानो होता. मिरजेला शाळेत असताना त्या तो शिकल्या होत्या. "डावा शाबूत आहे ना? मग बसा." त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातली एक छोटी रचना समोर ठेवली. तिच्यात दोनच सुरावटी होत्या. "वरची उजव्या हाताची, ती मी वाजवते. खालची डाव्याची, ती तुमची."

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाताच मारतो. प्रत्येक मात्रेला माझं मनगट आपोआप पुढे जाई. "अहो, भाता नाहीये तिथे!" असं ओरडत ताई ते धरून ठेवत.

या रचनेत पायाने पेडल दाबून सूर ओढत न्यायची सोय नव्हती. एका बोटाने सूर दुसऱ्याच्या हवाली करायचा, तोवर सोडायचा नाही. म्हणून कुठल्या सुराला कुठलं बोट, हे आधीच ठरवावं लागे. एका चढत्या जागी अंगठ्यावरून चौथं, करंगळीशेजारचं बोट पलीकडे न्यायचं होतं. माझं चौथं लुळं, म्हणून मी चोरून तिसरं टाकत असे आणि पुढे बोटं अपुरी पडत. ताईंनी माझ्या हाताला जमेल अशी बाकीची बोटं कितीदा तरी बदलून पाहिली, पेन्सिलीने आकडे लिहिले, खोडले. चौथं मात्र हलू दिलं नाही. एकदा मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, "रडायचंय तर हीप्स रडा, पोटभर रडा. पण बोट चौथंच."

ती जागा पहिल्यांदा सरळ निघाली तेव्हा शाबासकी मिळाली नाही. "आता आईला खरं सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. मी घरी जाऊन फोनवर सांगितलं. आई खूप रडली, मीही रडलो. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

गेल्या वर्षी ताईंचा डावा हात थरथरू लागला. कंपवात. आधी सुई टोचणं सुटलं, मग वॉर्डच सुटला. पियानोपुढे बसताना हल्ली त्या डावा हात मांडीखाली दाबून ठेवतात. मी म्हणालो, "होईल हो बरं."

"नाही होणार," त्या म्हणाल्या. आवाज अगदी वॉर्डातलाच होता.

अशा बाईंना शंभर वर्षं जगा म्हणायचा मला धीर होत नाही. तरी त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांचा उजवा हात अखेरपर्यंत स्थिर राहो, हीच माझी प्रार्थना. डाव्याची काळजी त्यांनी करू नये. खालची सुरावट माझी आहे, आणि बोट चौथंच पडेल.